एका पडद्यावर पाच कारकून

अक्कांच्या घराचा एक नियम होता. जुनं काढायचं नाही, नवं त्याच्यावर घालायचं. जाजम विटलं की त्याच्यावर दुसरं. अशी तीन झाल्यावर बाहेरच्या खोलीचं दार अर्ध्यात अडायला लागलं आणि अंगाने भरलेले पाहुणे तिरके होऊन आत यायला लागले. सोफ्याला एकावर एक चार खोळी होत्या, त्यामुळे त्यावर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागत नसत. "काढलं की खालची भोकं दिसतात," असं अक्का म्हणत, आणि ह्याला उत्तर देणारा माणूस त्या घरात अजून जन्मायचा होता.

म्हणून त्यांच्या मुलाने कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर उघडला तेव्हा तोही घराण्याच्या रीतीप्रमाणेच वागला. आधीचं फारसं काही न काढता त्याच्यावर नवं घातलं.

मुलाचं वय पन्नास, डोकं गुळगुळीत, आणि घरात हाक अजून 'बाळ'. बाळला दर दोन वर्षांनी एक वेड लागायचं. मागे मासे झाले, मग कुंड्या झाल्या. ह्या वेळी जुन्या कॉम्प्युटरांना नवसंजीवनी देण्याचं लागलं होतं. वडिलांच्या ऑफिसने निकालात काढलेला, त्यांनी हौसेने घरी आणलेला तो पिवळा पडलेला डबा त्याला दिसला आणि त्याचे हात शिवशिवले. एका रविवारी, अक्का लग्नाला गेल्या आहेत असं बघून, त्याने डब्यात नवी मेमरी घातली, नवी डिस्क घातली, जुन्या डिस्कमधलं सगळं तिच्यात ओतलं, आणि वर कळस म्हणून पडद्यावरचं चित्र सांभाळणारं जुनं ग्राफिक्स कार्ड उपटून त्याच्या जागी नवं खोचलं. अक्का घरी आल्या तेव्हा तो दारातच उभा होता.

"अक्का, डोळे मीट. तुला एक गंमत दाखवतो."

"मी डोळे मिटायची वाट बघू नकोस," अक्का म्हणाल्या. "ते होईल तेव्हा होईल. काय मोडलंस ते सांग."

"मोडलं नाही गं! बाबांचा कॉम्प्युटर नवा केला. आता विमानासारखा पळतो बघ."

अक्कांच्या हातातली पिशवी खाली पडली. बाळला वाटलं, आनंदाने पडली.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. ती त्या वेळी जगात फक्त अक्कांना ठाऊक होती.

अक्का सगळ्यांना सांगत की आपण चौथी पास आहोत. प्रत्यक्षात त्या शाळेत गेल्या होत्या त्या धाकट्या भावाचा डबा पोचवायला. लग्नानंतर सही शिकल्या आणि त्या एका सहीवर छत्तीस वर्षं संसार रेटला. पत्र आलं की "माझा चष्मा सापडत नाही, तुम्हीच वाचा", बसवर पाटी असली की "अहो, ही बस कुठे चालली?" असं विचारताना चेहऱ्यावर असा काही तोरा की समोरच्याला वाटावं, बाई बसचीच परीक्षा घेतायत. यजमानांना हे माहीत होतं. ते निवृत्त झाले तेव्हा अक्का छप्पन्न वर्षांच्या होत्या. ऑफिसचा तो कॉम्प्युटर घरी आणून त्यांनी चार महिने चौकटीच्या वहीत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढली, आणि त्यातून कॉम्प्युटरवर एक खेळ बनवला. वरून अक्षर पडायचं. जमिनीला लागायच्या आत तेच अक्षर खाली दाबायचं. दाबलं की ते विरघळायचं, चुकलं की 'टक्' करून फुटायचं आणि एक गुण जायचा. कीबोर्डवर प्रत्येक बटणाला त्यांनी आपल्या हाताने अक्षर लिहून चिकटवलं. खेळाला आठ पायऱ्या होत्या. एका पायरीचे शंभर गुण झाल्याशिवाय पुढची उघडत नसे.

दुपारी दोन ते चार दाराला आतून कडी लागायची. ह्या वयात भर दुपारी कडी कशाला, ह्यावर पलीकडच्या घरात राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंनी पुष्कळ डोकं चालवलं होतं आणि त्यांचं उत्तर अक्कांना शोभणारं नव्हतं. अक्कांनी तो संशय निमूट सोसला. चारित्र्यावर थोडा शिंतोडा चालेल, पण मोठी जाऊ 'क' 'ख' गिरवते आहे हे कळता कामा नये.

सातव्या पायरीवर जोडाक्षरं होती. तिथे अक्का अडल्या. आणि त्या अडलेल्या असतानाच यजमान गेले.

"आठवीत काय आहे हो?" त्यांनी कितीदा विचारलं होतं.

"पास हो, मग कळेल," एवढंच ते म्हणायचे.

त्यानंतर चौदा वर्षं अक्का दुपारी घरात कुणी नसताना डब्यावरचं विणलेलं कापड बाजूला करून सातवी पायरी खेळत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना घाई नव्हती. आठवी झाली की पुढे काही उरणार नव्हतं. ऐंशी झाले, पंच्याऐंशी झाले की त्या मुद्दाम चहा ठेवायला उठायच्या आणि चार अक्षरं फोडून यायच्या. पण ह्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. तेव्हा अक्कांनी चंग बांधला. गेल्या गुरुवारी शहाण्णव झाले होते. आणि रविवारी बाळने नवसंजीवनी दिली.

सोमवारी दुपारी अक्कांनी खेळ लावला. पडद्यावर गुलाबी पट्टे आले. मग हिरवे आले. पट्ट्यांच्या मागून काहीतरी पडत होतं आणि टक् टक् फुटत होतं, पण काय, ते दिसत नव्हतं. शहाण्णवचे किती झाले असतील ह्या विचाराने त्यांनी घाईघाईने बटण बंद केलं.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. "बाळ, त्या डब्यावर काही दिसत नाही."

"तुला काय बघायचंय त्यात?"

हा प्रश्न येणार हे अक्कांनी धरलं नव्हतं. आयुष्यात त्यांना कुणी असे प्रश्न विचारत नसे. त्यांच्या तोंडून जे निघालं त्याने पुढचा सगळा आठवडा खाल्ला.

"घराचे कागद आहेत त्यात. ह्यांनी ठेवलेले."

सूनबाईंच्या हातातला चमचा थांबला. बाळचा चेहरा पांढरा पडला. "घराचे कागद? डब्यात? अक्का, हे आत्ता सांगतेस?"

"तू विचारून उघडलास का डबा?"

बाळने रात्रीचं जेवण तसंच टाकून डबा उघडला. बिघाड काय तो त्याने अक्कांना समजावून सांगितला. कॉम्प्युटरला म्हणे पडद्यावर काय कसं काढायचं ते स्वतःला कळत नाही. त्यासाठी आत एक कारभारी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या कार्डाचा एक ड्रायव्हर आत आहे, नव्याचा दुसरा आला, आणि आता दोघांचं जुंपलंय. दुसरं कुणी असतं तर 'ड्रायव्हर' शब्दालाच हसलं असतं. अक्का हसल्या नाहीत. एका स्वयंपाकघरात दोघी जावांनी काढलेली वीस वर्षं त्यांच्या अंगावरून गेली होती.

"म्हणजे एक मीठ घालते, आणि घातलं नसेल म्हणून दुसरीही घालते," त्या म्हणाल्या.

"अगदी तस्संच! तर आधीचा ड्रायव्हर काढून..."

"काढायचं काही नाही," अक्का कडाडल्या. "त्यांच्या हातचं आहे ते. काय घालायचं ते वर घाल."

बाळने मुकाट्याने तोच दुसरा ड्रायव्हर पुन्हा वरून घातला. पट्टे गेले. चित्र उलटं झालं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे मॅनेजर आले. हे बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कुठल्याही घरात शिरताना ते आधी खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे बसत.

"अक्का, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही," ते मान तिरकी करून उलट्या पडद्याकडे बघत म्हणाले. "आमच्या शाखेत सतरा कॉम्प्युटर होते. सगळ्यांना चालणारी एक सीडी माझ्याकडे आहे."

"तुमच्या शाखेत सतरा होते, पण चालत किती होते?"

"ते... त्या वेळी माणसं हाताने कामं करत."

सीडी लावली. चित्र सुलटं झालं, पण आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मॅनेजर म्हणाले, "प्रगती आहे."

बुधवारी धाकट्या जाऊबाई आल्या. घराचे कागद सापडत नाहीत ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले ह्याचंच अक्कांना नवल वाटलं. जाऊबाईंनी आल्या आल्या डोळ्यांना पदर लावला.

"अक्का, आमचा काही त्यावर डोळा नाही हं. पण भाऊजींनी आमच्याही नावाचं काही लिहून ठेवलं असेल तर ते डब्यातच राहायला नको, एवढंच."

"तुझ्या नावाचं ते तोंडावर बोलायचे. लिहून कशाला ठेवतील?"

तरीही जाऊबाईंनी आपल्या जावयाला फोन लावला. जावई परगावी कॉम्प्युटरचंच काम करायचे. ते फोनवरून सांगत होते, जाऊबाई ते मोठ्याने म्हणून दाखवत होत्या, आणि बाळ करत होता. मधेच जावयाने आपल्या घरच्या कुत्र्याला "खाली बस" म्हटलं, तर बाळही खाली बसला. चौथा ड्रायव्हर आत गेला. आता पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं दिसायला लागली, आणि एकावर बाण हलवला की दुसऱ्यावर हलायचा. गुरुवारी सूनबाईंनी ऑफिसातल्या जाणकाराकडून पाचवा आणला. त्याने सगळा प्रश्नच मिटवला. पडदा काळा झाला.

प्रत्येक वेळी अक्का पाठीशी उभ्या राहून एकच वाक्य म्हणाल्या होत्या, "आधीचं काढू नका हं."

"आता एकच मार्ग," मॅनेजर म्हणाले. "कचेरीतून कागदांच्या नकला काढायच्या. रीतसर अर्ज."

अक्कांना नको म्हणता येईना. खोटं बोललेल्या माणसाला नेहमी दुप्पट उत्साह दाखवावा लागतो. शुक्रवारी सकाळी बाळ, मॅनेजर आणि जाऊबाई असा सगळा लवाजमा अक्कांना घेऊन कचेरीत गेला. खिडकीमागे एक कारकून होता. त्याने अक्कांच्या लुगड्याकडे, थरथरत्या हाताकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अंगठा इथे, आजी."

बाळ म्हणतो, त्या खिडकीची काच हलली. ते खोटं असेल, पण रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली हे खरं.

"आजी असेल तुझ्या आईची आई! अंगठा? मला अंगठा? आण तो अर्ज इकडे." आणि अक्कांनी तो पानभर अर्ज, वरच्या 'प्रति'पासून खालच्या 'कार्यालयीन वापरासाठी'पर्यंत, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा वाचून काढला. जिथे जोडाक्षर आलं तिथे किंचित थांबल्या, ते दाताखाली चिरडलं आणि पुढे गेल्या. मग भिंतीवरची सूचनाही वाचली. "नम्रपणे बोला, अशी पाटी लावलीय. तू वाचली आहेस का कधी?"

कारकून वरमला. पण कारकून तो कारकूनच. "मूळ कागद का नाहीत, त्याचं कारण लिहा."

"कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि तो बिघडलाय," बाळ म्हणाला.

"मग कॉम्प्युटर बंद असल्याचा दाखला जोडा. दुरुस्तीवाल्याच्या सहीशिक्क्याचा."

बसथांब्यामागच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसत असे. साठीचा, रेडिओपासून गिरणीच्या मोटारीपर्यंत सगळं उघडणारा. त्याने ऐकून घेतलं, घरी येऊन बटण दाबलं, कान डब्याला लावला.

"दाखला देता येणार नाही," तो म्हणाला. "बंद कुठाय? चालू आहे. फक्त दिसत नाही."

ते कळवायला मॅनेजर परत कचेरीत गेले. कारकून म्हणाला, चालू असेल तर कागद काढून आणा. मॅनेजर परत आले. असे ते तीनदा गेले आणि तीनदा आले, आणि तिसऱ्या वेळी, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले.

दुरुस्तीवाला तोवर डब्यापुढे मांडी घालून बसला होता. साध्यात साध्या अवस्थेत डबा कसाबसा उघडून त्याने आतली यादी पाहिली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"एका पडद्यावर पाच कारकून बसवलेत," तो म्हणाला. "प्रत्येकाला वाटतंय, फाइल आपल्याकडे आहे. कुणाची ही आयडिया?"

सगळे इतक्या आदराने अक्कांकडे बघायला लागले की दुरुस्तीवाल्याला कळायचं ते कळलं.

"बाई, हे सगळे काढावे लागतील. पाचही."

"ह्यांच्या वेळचाही?"

"त्याला सगळ्यांत आधी. तो बिचारा रोज कामावर येतोय आणि त्याचं कार्ड कुणीतरी उपटून टाकलंय. त्याला मोकळा करून पहिल्यापासून बसवू. पण जुनं कार्ड असेल तरच. तुमच्या मुलाने फेकलं असेल."

"माझ्या घरात?" अक्का म्हणाल्या. त्या तरातरा आत गेल्या आणि रिबिनीने बांधलेलं, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं कार्ड घेऊन आल्या. बाळने ते रविवारीच कचऱ्यात टाकलं होतं आणि अक्कांनी सोमवारीच ते कचऱ्यातून काढलं होतं. एवढं एक वाक्य ऐकवायची त्यांना संधी होती. पण ती त्यांनी सोडली, कारण पुढचं वाक्य बोलणं त्याहून जड होतं.

"काढा," त्या म्हणाल्या.

"काय?" बाळला ऐकूनही विश्वास बसेना.

"सगळं काढा म्हणतेय. खालची भोकं दिसली तर दिसली."

नवं कार्ड निघालं. एकेक कारकून घरी गेला. जुनं कार्ड बसलं आणि त्याचा माणूस त्याच्या शेजारी नव्याने बसला. पडद्यावर मोठी, जाडजूड, ओबडधोबड अक्षरं उमटली, चौदा वर्षं अक्का बघत आल्या होत्या तशीच. सगळे पुढे वाकले.

"आता कागद कुठल्या नावाने आहेत?" जाऊबाईंनी विचारलं.

"ह्यात एकच तर गोष्ट आहे," दुरुस्तीवाला म्हणाला, आणि अक्का 'थांबा' म्हणायच्या आत त्याने ती उघडली.

वर ठिपक्यांनी काढलेलं शीर्षक होतं: 'अक्कांची शाळा'. खाली तारखा आणि गुण. पहिली पायरी, पहिला दिवस, शंभरापैकी चार. दुसरा दिवस, सात. यादी खाली खाली जात होती, वर्षांमागून वर्षं. बाळ ओठ हलवत हिशोब करत होता.

"म्हणजे... अक्का, त्या वर्षी तू छप्पन्न..."

"कागद लोखंडी कपाटात आहेत," अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या. "जिथे असतात तिथे."

"आणि दुपारी कडी लावून," जाऊबाई हळूहळू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भलताच निराश झाला होता, "तुम्ही दोघं हे करत होतात?"

"तुला काय वाटलं होतं ते सांगू नकोस. ह्या दुरुस्तीवाल्याला घरी बायको आहे, तो जाऊन तिला सांगेल."

सूनबाई पुढे आल्या. दहा वर्षांत त्यांनी सासूबाईंना कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली. "इथे त्र्याण्णव दिसतायत. बसा, अक्का."

सोमवारच्या पट्ट्यांनी तीन खाल्ले होते तर. अक्का बसल्या. कीबोर्डवरचे चिकटवलेले कागद कडांना उलले होते. पाच माणसं पाठीशी उभी असताना, आयुष्यभर झाकून ठेवलेलं उघडं करून, सातव्या पायरीला बसणं म्हणजे काय असतं हे चौथी पास झालेल्यांना कळायचं नाही. 'क्ष' पडला. हात थरथरला, डाव्याने उजव्याचं मनगट धरलं आणि दाबलं. चौऱ्याण्णव. 'त्र'. 'ज्ञ'. 'श्र' अगदी जमिनीला टेकता टेकता गेला. मॅनेजर नखं खात होते. 'ष्ट' फुटला तेव्हा जाऊबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, आणि त्यात चक्क दुःख होतं. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. शेवटचं 'र्‍ह' आलं तेव्हा अक्कांनी डोळेच मिटले आणि बोटांना जे ठाऊक होतं ते त्यांना करू दिलं.

पडदा रिकामा झाला. मग आठवी पायरी उघडली.

आठवीत अक्षरं नव्हती, सबंध बोलणं होतं. वरून हळूहळू उतरत आलं: 'अहो, ऐकलंत का'. अक्कांनी सवयीने बोटं चालवली, आणि ते विरघळून गेलं. मागोमाग आलं: 'चष्मा डोक्यावर आहे'. मग: 'ओला टॉवेल पलंगावर नको'. मग: 'दुधाकडे बघा म्हटलं होतं'.

बाळ एकदम म्हणाला, "हे तर तुझंच..."

"कळतंय मला. वाचता येतं," अक्का म्हणाल्या.

जन्मभर ज्या माणसाला त्या म्हणायच्या की तुमचं लक्ष कुठे असतं, त्याने त्यांचं एकेक वाक्य टिपून ठेवलं होतं आणि ठिपक्याठिपक्याने काढलं होतं. 'कुठे जाऊन बसता हो तुम्ही', हे उतरत होतं. बरोबर दाबलं की ते पुसलं जाणार होतं. तो खेळाचा नियम होता. अक्कांनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

ते वाक्य पूर्ण खाली आलं आणि जमिनीला लागलं. टक्. एक गुण गेला.

"अक्का, दाबा ना!" मॅनेजर ओरडले. "जाईल गुण!"

दुसरं लागलं. टक्. तिसरं उतरायला लागलं होतं. अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि मागे न बघता म्हणाल्या,

"आता सगळे जरा बाहेर व्हा. मला निवांत हरायचंय."